बर्फावरील नायक आणि त्यांचे निंदक

अलीकडे सुशिक्षित घरांतून एका नव्या जातीच्या इंग्रजी कादंबरीविषयीं बरीच कुरकुर ऐकूं येते. ही कादंबरी अमेरिकेंतील एखाद्या कॉलेजांत घडते; नायक तेथील बर्फावरील हॉकी-संघाचा कप्तान असतो; नायिका बहुधा अभ्यासू, कधीं संगीताची तर कधीं बर्फावरील नृत्याची उपासक असते; आणि तीन-चारशें पानांअंतीं दोघांचें जुळतें. हें सांगून टाकल्यानें कोणाचा रसभंग होईल असें आम्हांस वाटत नाहीं. शेवट गोड होणार हें पहिल्या पानापासून ठाऊक असणें, हीच या वाङ्मयाची अट आहे. हॉकी म्हटलें कीं ज्यांना ध्यानचंद आणि १९३६ सालचें बर्लिन आठवतें, त्यांनीं एवढें ध्यानीं घ्यावें कीं ही हॉकी निराळी. हींत चेंडूऐवजीं तीन इंच व्यासाची कठीण रबराची चकती असते, पायांत पोलादी पात्यांचे बूट असतात, आणि प्रतिपक्ष्याला अंगाच्या धक्क्यानें पाडणें हा गुन्हा नसून खेळाचाच एक भाग असतो.

या पुस्तकांवर तीन आरोप नेहमीं ठेवण्यांत येतात: तीं एका सांच्यांतलीं आहेत, तीं दांडगाईची पूजा करितात, आणि तीं अश्लील आहेत. त्यांचा क्रमानें विचार करूं.

पहिला आरोप खरा आहे, पण तो करण्याचा अधिकार कोणास? गुप्त-पोलिसी कथेंत अखेरच्या प्रकरणीं गुन्हेगार सांपडलाच पाहिजे, हाही सांचाच नव्हे काय? त्या कथांचे ढीग उशाशीं ठेवून निजणाऱ्या गृहस्थास कोणी क्षुद्र म्हणत नाहीं. त्याच्या वाचनास आम्ही ‘विरंगुळा’ म्हणतों आणि त्याच्या मुलीच्या वाचनास ‘नाद’! ना. सी. फडक्यांच्या कॉलेजांतील प्रेमकथांवर एके काळीं हेंच तोंडसुख घेतलें जात असे, आणि ते घेणाऱ्यांच्या घरांतूनच त्या आवडीनें वाचल्या जात. शिवाय सांचा एक असला तरी त्यांतून निघणारी मूर्ति एकच असते असें नाहीं. एल केनेडी या कॅनडियन लेखिकेनें ‘द डील’ (२०१५) पासून एका घरांत राहणाऱ्या चार खेळाडू-मित्रांना एकेक पुस्तक वांटून दिलें, हॅना ग्रेस या इंग्रज लेखिकेनें ‘आइसब्रेकर’मध्यें (२०२२) कप्तानाची गांठ नृत्यपटु मुलीशीं घातली, तर न्गोझी उकाझू यांच्या ‘चेक, प्लीज!’ या २०१३ सालीं सुरूं झालेल्या चित्रकथेचा नायक हॉकी खेळतो, उत्तम पाय भाजतो, आणि त्याचें प्रेम आपल्याच संघाच्या कप्तानावर जडतें.

दुसरा आरोप अधिक वजनदार वाटतो, परंतु तो करणाऱ्यांनीं हीं पुस्तकें उघडून पाहिलीं असावींत असें दिसत नाहीं. ‘द डील’मधील नायिकेवर पूर्वीं बलात्कार झालेला आहे. नायकाचा बाप नामांकित खेळाडू, पण घरांत हात उगारणारा. आणि तेंच रक्त आपल्यांतही उसळेल काय, या भीतीनें मुलगा ग्रासलेला आहे. अशा दोघांना एकत्र आणून लेखिका जें विचारते तें असें कीं, ज्याच्या अंगीं पाडण्याचें बळ आहे तो कोणासाठीं आणि कोठें थांबतो? तिचा नायक वाचकांस आवडतो तो धक्के मारण्यांत पटाईत म्हणून नव्हे. तो विचारतो, उत्तराची वाट पाहतो आणि नकार आल्यास थांबतो म्हणून. खेळही या कामीं योग्यच निवडला आहे. व्यावसायिक हॉकींत मारामारी करणारा खेळाडू पांच मिनिटें बाहेर बसून परत येतो. अमेरिकन कॉलेजांच्या नियमांप्रमाणें तो सामन्यांतून बाद होतो व पुढच्या सामन्यासही मुकतो. बळ आहे पण त्यास कुंपण आहे, हें या मैदानावर लिहिलेलेंच असतें. ज्या मुलीला रात्रीच्या गाडींत बसतांना आधीं डब्यांतील पुरुष मोजावे लागतात, तिला असें बळ कल्पनेंत तरी भेटावेंसें वाटलें तर त्यांत हंसण्यासारखें काय आहे?

तिसऱ्या आरोपाविषयीं आम्ही लपवाछपवी करणार नाहीं. यांतील पुष्कळ पुस्तकांत शृंगाराचें वर्णन उघडें आणि सविस्तर आहे. तीं प्रौढांसाठीं लिहिलेलीं आहेत. प्रौढ वाचकानें तीं वाचावींत कीं नाहीं हा त्याचा प्रश्न. परंतु या मजकुरावर फिक्या गोड रंगांचें, बालवाङ्मयास शोभेलसें हंसरें चित्र घालणें, ही निव्वळ फसवणूक होय. त्या वेष्टनास भुलून एखादी आई बारा वर्षांच्या मुलीसाठीं तें पुस्तक विकत घेते, तेव्हां दोष मुलीचा नाहीं, आईचाही नाहीं. तो प्रकाशकाचा आहे. कोणत्या वयासाठीं पुस्तक आहे हें ठळक अक्षरांत वेष्टनावरच छापावयास त्याला कोणती अडचण आहे, हें आम्हांस कळत नाहीं.

एवढी वकिली केल्यावर आमचा स्वतःचा आरोप मांडण्यास आम्ही मोकळे झालों. तो असा कीं, हीं पुस्तकें एका सार्वजनिक दुखण्यावर खासगी औषध देतात. जेन ऑस्टेनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्यें गांवांत पलटण उतरतांच बेनेट घराण्यांतील धाकट्या मुलींचें भान हरपतें. गणवेषाची भूल ऑस्टेनलाही ठाऊक होती. पण त्या तांबड्या अंगरख्याच्या आंत विकम नांवाचा ठक तिनें ठेवला. आमच्या हॉकी-कादंबरींत खलपुरुष बहुधा नायकाच्या संघाबाहेरचा असतो. संघ म्हणजे बंधुभावाचें आगर, आणि कप्तान त्याचा शिरोमणि! प्रत्यक्षांत काय दिसलें? कॅनडांतील हॉकीच्या राष्ट्रीय संस्थेनें खेळाडूंच्या नोंदणीच्या वर्गणींतून सांठविलेल्या निधींतून लैंगिक अत्याचाराचे दावे मिटविले होते, हें २०२२ सालीं तेथील संसदेच्या समितीपुढें उघड झालें. मुलांच्या आईबापांनीं भरलेले पैसे कशाकरितां खर्चिले गेले, हें त्या आईबापांसच ठाऊक नव्हतें! अशा व्यवस्थेवर एक सुस्वभावी कप्तान हा इलाज नव्हे. प्रियकराकडून काय मागावें हें या कादंबऱ्या मुलीस उत्तम शिकवितात. संस्थेकडून, कॉलेजकडून, कायद्याकडून काय मागावें हें फारसें शिकवीत नाहींत.

आणि जो धडा त्या शिकवितात, तो तरी वाचकांच्या अंगीं सर्वथा मुरला आहे काय? २०२३ सालीं सिअॅटलच्या व्यावसायिक संघांतील एका खेळाडूस व त्याच्या पत्नीस जाहीरपणें सांगावें लागलें कीं, कादंबरींतील नायक समजून त्याच्याविषयीं जो चावटपणा चालला आहे तो पुरे करावा. संमतीची थोरवी सांगणारीं पुस्तकें वाचून जिवंत माणसाची संमति विसरणें, यापरतें उपरोधिक दुसरें काय असूं शकेल? पुरुषांनीं नटींविषयीं जें पिढ्यान् पिढ्या केलें तेंच हें आहे, अशी सबब कोणी पुढें करील. ती आम्हांस मान्य नाहीं. दुसऱ्याचें पाप हा आपला परवाना होत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें दोन्ही पक्षांस आहे. ज्या मुली हीं पुस्तकें वाचतात त्यांनीं तीं खुशाल वाचावींत. मात्र कप्तानाकडून जी सभ्यता त्या अपेक्षितात ती वसतिगृहाच्या अधिकाऱ्याकडून, कचेरींतील वरिष्ठाकडून आणि स्वतःकडूनही तितक्याच आग्रहानें मागावी. आणि ज्या वडीलधाऱ्यांच्या हातांना मुलीच्या उशाखालचें पुस्तक ओढून घेण्याची घाई झाली आहे, त्यांनीं तें ओढण्यापूर्वीं त्यांतील पन्नास पानें स्वतः वाचावींत. विचारून थांबणारा पुरुष आपल्या मुलीला बर्फावरच्या परक्या देशांत शोधावा लागतो, तो आपल्या घरांत तिच्या दृष्टीस पडला होता काय, एवढाच प्रश्न मग त्यांनीं मनाशीं करावा. उत्तर होकारार्थी असेल तर पुस्तकाची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. आणि नकारार्थी असेल, तर दोष पुस्तकाचा नाहीं.