आमच्या दुखण्याला वय नको, नाव द्या



सोयाबीनच्या काढणीत मला लघवीला जळजळ सुरू झाली. यात नवल काहीच नाही. आमच्या चुडाव्याच्या शिवारात कापणीला गेलेली बाई सकाळी घर सोडते ती दिवेलागणीला परतते. रानात आडोसा नसतो. म्हणून ती पाणीच कमी पिते आणि लघवी दाबून धरते. म्हणजे माझ्या दुखण्याची सुरुवातच बाईच्या गैरसोयीतून झाली. डॉक्टरांनी मात्र याबद्दल मला एक शब्दही विचारला नाही.

मी एका खाजगी दवाखान्यात गेले. एक सुई आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पट्टी कात्रीने कापलेली, गोळीचं अर्धं नाव दुकानातच राहिलेलं. दोन दिवसांत जळजळ थांबली. चौथ्या दिवशी सकाळी उठले तर दोन्ही टाचांच्या मागची शीर अशी धरलेली की जमिनीला पाय टेकवेना. मग गुडघे धरले, मग मनगटं. भाकरी थापता येईना, लुगडं पिळता येईना. नांदेडला जायला निघाले तर गाडीची पायरी दोन्ही हातांनी दांडा धरून चढावी लागली.

त्याच डॉक्टरांकडे परत गेले. ते म्हणाले, “मावशी, पन्नाशी उलटली. आता हे होणारच. कॅल्शियम घ्या.” सासूबाई म्हणाल्या, “वात धरला माय तुला.” जाऊबाईंनी मायेनं गरम तेल लावून टाचा जोरात चोळून दिल्या, तर दुखणं दुप्पट झालं. घरातल्या पुरुषांनी काही म्हटलं नाही, पण काढणीच्या दिवसांत बसून राहिलेल्या बाईकडे कसं बघतात ते तुम्हांला सांगायला नको. एवढ्या माणसांची एवढी मतं झाली, पण “कोणती गोळी खाल्लीस?” हे एकानेही विचारलं नाही.

ते विचारलं नांदेडला नर्स असलेल्या माझ्या भाचीनं. रिकामी पट्टी मी जपून ठेवली होती. त्यावरची उरलेली अक्षरं जुळवून ती म्हणाली, “मावशी, ही सिप्रोफ्लॉक्सासिन आहे. हिच्यानं शिरा धरतात. हे आम्हांला शिकवलेलं आहे.”

शिकवलेलं आहे! मग मला कोणी का सांगितलं नाही?

बायांनो, ही माहिती गुपित नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन या सगळ्या एकाच घराण्यातल्या गोळ्या. त्या घराण्याला फ्लोरोक्विनोलोन म्हणतात. स्नायूला हाडाशी बांधणारा जो दोर असतो, ज्याला पुस्तकात कंडरा आणि आपण शीर म्हणतो, त्याला या गोळ्यांनी सूज येऊ शकते. क्वचित तो तुटतोही. सगळ्यांत जास्त धोका टाचेमागच्या दोराला. हा त्रास पहिल्या दोन दिवसांतही सुरू होतो आणि गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनीही. साठीच्या पुढच्या माणसांना आणि सोबत स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका अधिक.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. २०१६ साली त्यांनी सांगितलं की साध्या मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाला दुसरं औषध चालत असेल तर ही गोळी देऊ नये. युरोपच्या औषध संस्थेने २०१८ साली वापरावर बंधनं सुचवली. ब्रिटनने २०२४ च्या जानेवारीत ती आणखी आवळली. आणि आमच्याकडे? साध्या जळजळीला हीच गोळी. जुलाब झाले की ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची नाहीतर नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडॅझोलची जोडगोळी. कायद्याने यांतली एकही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पण गावोगाव दुकानदार “पॉवरची गोळी” म्हणून दोन-दोन कापून देतो.

आणि ती सुई? माझ्या सुईत काय होतं ते मी दोनदा विचारलं. उत्तर मिळालं, “ताकदीची होती.” खेड्यापाड्यांत अंगदुखीला, तापाला, थकव्याला स्टेरॉइडची सुई सर्रास टोचतात, कारण बाई संध्याकाळपर्यंत कामाला लागते आणि डॉक्टरच्या हाताला गुण आहे असं गावभर होतं. वर ही गोळी दिली की ज्या जोडीपासून जपायला सांगितलंय, नेमकी तीच जोडी आमच्या अंगात जाते. माझ्या सुईत स्टेरॉइड होतं असा माझा आरोप नाही. मला ते कळू दिलं नाही, हा माझा आरोप आहे.

कोणी म्हणेल, यात बायकांचा प्रश्न कुठे आला? गोळी काय पुरुष खात नाहीत? खातात. पण मूत्रमार्गाचा संसर्ग बाईला पुरुषापेक्षा कितीतरी जास्त वेळा होतो, म्हणून त्यावरच्या गोळ्याही तिच्याच पोटात जास्त जातात. आणि त्यानंतर तिचे सांधे दुखले तर कारण तयारच असतं. वीस वर्षांची असेल तर बाळंतपणातली हयगय, चाळिशीत पाळी जाण्याची वेळ, साठीत म्हातारपण. कोणत्याच वयात बाईचं दुखणं गोळीचं ठरत नाही, ते बाईपणाचंच ठरतं. म्हणूनच ते कुठे लिहिलं जात नाही. लिहिलं जात नाही म्हणून मोजलं जात नाही. आणि मोजलं गेलं नाही की कंपनीने खुशाल म्हणावं, असा त्रास क्वचितच होतो.

आमची मागणी काय, तेही स्पष्ट सांगते. या गोळ्यांवर सरसकट बंदी आणा असं मी म्हणत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन माणसाचा जीव वाचवतात. क्षयाच्या उपचारावरच्या बहिणीने हे वाचून आपल्या मनाने गोळी सोडू नये, त्रास होत असेल तर केंद्रावर लगेच सांगावं. आमचं भांडण तोफेनं डास मारण्याशी आहे, आणि तोफ डागताना बाईला बाजूला हो असंही न सांगण्याशी आहे.

आता सोसलेल्यातून शिकलेलं सांगते. साध्या आजारासाठी अशी गोळी घेताना टाच, गुडघा, खांदा, मनगट दुखू लागलं किंवा हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून दुसरं औषध मागा. दुखरी शीर जोरात चोळून घेऊ नका. सांध्यात स्टेरॉइडची सुई घ्यायला सांगितलं तर आधी ही हकीकत सांगा. व्यायाम हळूहळू, जाणकाराला विचारूनच. आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: “फ्लोरोक्विनोलोन चालत नाही.” पुढच्या प्रत्येक दवाखान्यात तो कागद दाखवा.

खरं औषध आहे विश्रांती. दोराला रक्त कमी मिळतं, म्हणून तो भरून यायला आठवडे नाही, महिने लागतात. डॉक्टर सहज सांगतात, “आराम करा.” पण तो कोणत्या दुकानात मिळतो? माझ्या घरी पाण्याचा हंडा उचलायला माझ्या मुलाला तीन आठवडे लाज वाटत होती. चौथ्या आठवड्यात मी हंडा दारात रिकामा ठेवून दिला. तेव्हा त्याला तो उचलता आला. आज मी सरळ चालते. जिना उतरताना टाच अजून आठवण देते.

जुन्या मैत्रिणींना ई.पी. फोर्टची लढाई आठवत असेल. दिवस गेलेत का हे बघायला बायकांना हार्मोनच्या जबरी मात्रेची गोळी देत असत. १९८२ साली सरकारने बंदी घातली, तर कंपन्यांनी कोर्टातून स्थगिती आणली. स्त्री-संघटना आणि लोकविज्ञान चळवळीतली माणसं मागे हटली नाहीत. शेवटी १९८८ साली बंदी झाली. बायकांच्या तोंडच्या हकीकतींना तेव्हाही कोणी शास्त्र म्हणायला तयार नव्हतं.

आज निदान नोंदवायला जागा आहे. २०१० सालापासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा सरकारी कार्यक्रम चालतो. त्याचा फोन फुकट आहे, १८००-१८०-३०२४. रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही आहे. माझ्या टाचा गोळीमुळेच धरल्या हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण इथे सिद्ध करावं लागत नाही, संशय पुरतो. मी फॉर्म भरला. ज्या डॉक्टरांनी मला वय सांगितलं, त्यांनी तो भरायला हवा होता.

तेव्हा पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढं करावं. घरातल्या गोळ्यांच्या पट्ट्या आणून मोठ्याने नावं वाचावीत. दुकानदाराला सांगावं, कापलीस तरी नाव लिहून दे. डॉक्टरांना विचारावं, ही कोणती गोळी, सुईत काय, आणि याहून साधं औषध आहे का? विचारणारी बाई आगाऊ ठरेल. ठरू द्या. आणि ज्या बाईला “वयामानानं होतं” म्हणून परत पाठवलंय, तिच्याजवळ बसून तिला हे विचारा: बाई, त्याआधी तू कोणती गोळी खाल्ली होतीस?