छळाला शिक्षा, शिक्षेला स्थगिती

वर्गातील एकाला सर्वांनी मिळून वाळीत टाकायचे, या प्रकाराला कोरियन भाषेत ‘वांगत्ता’ म्हणतात. दक्षिण कोरियाने शालेय हिंसाचाराविरुद्ध २००४ मध्येच कायदा केला. पण सरकार खडबडून जागे झाले ते डिसेंबर २०११ मध्ये, देगू शहरातील एका शाळकरी मुलाने छळाचा तपशील लिहून ठेवून आत्महत्या केली तेव्हा. २०१२ पासून छळ करणाऱ्यावरील कारवाईची नोंद त्याच्या शालेय दप्तरात होऊ लागली.

परंतु जेथे विद्यापीठ प्रवेशावर साऱ्या घराचे भवितव्य टांगलेले असते, तेथे अशी नोंद टाळण्यासाठी ऐपतदार पालक न्यायालयाची पायरी चढणार, हे उघड होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय तपास कार्यालयाच्या प्रमुखपदी नेमलेल्या एका माजी सरकारी वकिलांना लगेच माघार घ्यावी लागली. त्यांच्या मुलाने सहाध्यायाचा छळ केला होता. शाळाबदलीची शिक्षा टळावी म्हणून हे कुटुंब सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हरले; मुलाला पुढे सोल राष्ट्रीय विद्यापीठात प्रवेश मात्र मिळाला.

लोकक्षोभानंतर सरकारने शिक्षा आणखी कडक केली. गंभीर कारवाईची नोंद शाळा सोडल्यावर दोनऐवजी चार वर्षे ठेवायची आणि २०२६ च्या प्रवेशांपासून विद्यापीठांनी ती विचारात घ्यायचीच, असे ठरले. म्हणजे वकिलांवर खर्च करण्याचे कारण वाढले! पीडित व आरोपी विद्यार्थ्यांना तातडीने वेगळे ठेवण्याची मुदतही तीनवरून सात दिवस झाली. खटले मात्र महिनोन्‌महिने चालतात, आणि तक्रार करणाऱ्या मुलाला आठव्या दिवशी पुन्हा त्याच शाळेत जायचे असते.