डोळ्यात लेझर? नको गं बाई!

"डोळ्यात लेझर? वेड लागलंय का तुला?"

आईची ही पहिली रिअॅक्शन. तिचं चुकलं तरी काय? 2023 च्या गणेशोत्सवानंतर लेझर बीमने डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण पुणेकरांनी वाचल्यात. 2024 मध्ये पोलिसांनी उत्सवात त्यावर बंदीही घातली. आणि इथे हिंजवडीतला माझा एक मित्र मिक्स्ड रिअॅलिटी हेडसेट पुढे करून म्हणत होता, "घाल गं, लेझरच तर आहे!"

माझ्या चष्म्याचा नंबर मायनस चार. आहेत ते डोळे तरी टिकायला हवेत ना? म्हणून आधी त्याला पिडलं.

तर फंडा असा. समोरची खरी खोली दिसत राहते आणि तिच्यात कॉम्प्युटरचं चित्र तरंगतं. चित्र लख्ख हवं आणि यंत्र मात्र इटुकलं, म्हणून लेझर. लाल, हिरवा, निळा असे तीन किरण. सेकंदाला हजारो वेळा हलणारे सूक्ष्म आरसे त्यांनी चित्र रेघ-रेघ रंगवतात. पॉवर अगदी नगण्य, शिवाय किरण एका जागी थांबत नाही. मिरवणुकीतला बीम आणि हा, आडनाव तेवढं एक!

घातला. टेबलावर चक्क इंजिन तरंगायला लागलं. सॉलिड! पण पांढऱ्या भागावर इंद्रधनुष्याचे फिकट पट्टे. डोळा जरा हलवला की पट्टेही हलले.

खरी गोम इथेच आहे. काचेवरच्या बारीक खाचा प्रत्येक रंगाला वेगळ्या कोनात वळवतात, म्हणून डोळ्याच्या जागेप्रमाणे रंग बदलतो. 2019 मध्ये जाहीर झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स 2 बद्दलही अशाच तक्रारी होत्या. नंतर कंपनीने रंग जुळवायची सोय अपडेटमधून दिली. 2024 मध्ये त्याचं उत्पादनच थांबलं.

लेझरचा दुसरा वैताग म्हणजे कणकण. लेझरच्या लहरी एका तालात असतात. खरखरीत पृष्ठभागावरून परतताना त्या कुठे एकमेकींना वाढवतात, कुठे पुसतात. घरी बघा ना: पॉइंटरचा ठिपका भिंतीवर पाडा (डोळ्यात कधीच नाही, चकचकीत वस्तूवरही नाही!), चष्मा काढा, डोकं हळूच हलवा. कण डोक्याच्या उलट दिशेला सरकले तर मायनस नंबर, त्याच दिशेला सरकले तर प्लस. माझे अर्थातच उलटे पळाले.

उपाय? तो ताल मोडायचा. किंचित वेगळ्या तरंगलांबीचे अनेक लेझर वापरायचे, नाहीतर प्रकाश पसरवणारा पडदा थरथरवायचा. कणांचे वेगवेगळे नमुने डोळ्यात मिसळले की चित्र गुळगुळीत. पण गणित कंजूष आहे: चार नमुने मिसळले तर कणकण निम्मी होते, ती दहाव्या हिश्शावर आणायला शंभर लागतात. एवढं सगळं कपाळावर मावायला हवं, तापायलाही नको.

आपण दहा मिनिटं "वॉव" म्हणून हेडसेट काढून ठेवतो. पण चाकणच्या एखाद्या कारखान्यात कुणी तो घालून आठ तास मशीन जोडणार असेल, तर त्याला लाल वायर लालच दिसायला हवी. चित्राची क्वालिटी ही तिथे चैन नाही, गरज आहे.

रात्री आईला सगळं समजावलं. शांतपणे ऐकून म्हणाली, "बरं. पण कण फारच उलटे पळत होते म्हणालीस ना? उद्या आधी नंबर तपासून ये."