वनपिंगळ्याचे घर

विचित्र प्राण्यांची गोष्ट निघाली की मुलांच्या डोळ्यांपुढे ऑस्ट्रेलियातील कांगारू, ध्रुवावरील पांढरे अस्वल किंवा वाळवंटातील उंट उभा राहतो. दूरदेशीचे ते नवलाचे आणि घराजवळचे ते नेहमीचे, असा एक समज मनात रुजलेला असतो. फैजपूरच्या केळीबागांपलीकडे उत्तरेस सातपुड्याची निळी रांग दिसते. ती पाहत वाढणाऱ्या मुलांनी तरी हा समज बाळगू नये. त्यांच्याच यावल तालुक्यात १९६९ साली घोषित झालेले यावल अभयारण्य आहे. तेथील साग, सालई आणि अंजनाच्या रानात जे जीव राहतात, त्यांच्या युक्त्या कांगारूच्या पिशवीहून कमी नवलाच्या नाहीत.

तापीच्या खोऱ्यात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो. विहिरींचे पाणी खोल जाते, जमिनीला भेगा पडतात. अशा वेळी शेतातला बिळकरी बेडूक कोठे जातो? त्याच्या मागील पायांच्या तळव्यांवर फावड्याच्या पात्यासारखा एक कठीण उंचवटा असतो. त्याने माती उकरीत तो पाठमोरा जमिनीत शिरतो आणि ओलाव्याच्या आधाराने निश्चल पडून राहतो. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर तो बाहेर येतो, तेव्हा जणू पावसाबरोबर आकाशातूनच पडला असे भोळ्या माणसाला वाटते. ह्या बेडकाचे बरे चालले आहे, असे म्हणता येईल. सर्वांचे तसे नाही.

निसर्गाने प्रत्येक प्राण्याला जगण्याचे साधन दिले आहे, असे पुष्कळ पुस्तकांतून सांगितलेले असते. हे विधान खोटे नाही. परंतु ते अर्धेच आहे. प्राण्याच्या अंगची प्रत्येक युक्ती एका विशिष्ट परिस्थितीसाठी हजारो पिढ्यांत घडलेली असते. परिस्थिती तीच राहिली तर युक्ती तारते. ती एकाएकी पालटली तर तीच युक्ती कधी कधी जिवावर उठते. खवल्या मांजराचे उदाहरण पाहावे. त्याला दात नाहीत. लांब चिकट जिभेने तो मुंग्या आणि वाळवी टिपतो. त्याचे सर्वांग खवल्यांनी मढलेले असते, आणि हे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे बनलेले असतात. संकट दिसताच तो पळत नाही. अंगाचे मुटकुळे करून चेंडूसारखा पडून राहतो. बिबट्याने कितीही पंजे मारले तरी तो चेंडू सहसा उलगडत नाही. पण माणसाला तो उलगडण्याची गरजच नसते! तो उचलतो आणि पोत्यात टाकतो. त्याच्या खवल्यांत औषधी गुण असल्याचे कधी सिद्ध झालेले नाही, तरीही त्यांच्या लोभाने त्याची एवढी हत्या झाली की २०१६ साली जगातील राष्ट्रांना त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय घ्यावा लागला.

गिधाडाची कथा तर याहून करुण आहे. कुजलेले, रोगट मांस पचविण्यासाठी त्याच्या जठरात अतिशय तीव्र आम्ल असते. ज्या जंतूंनी गुरे दगावतात ते जंतू त्याला बाधत नाहीत. असा हा गावाचा बिनपगारी सफाईदार कशाने मेला? गुरांच्या सांधेदुखीवर देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक नावाच्या वेदनाशामक औषधाने! ते औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आणि २००६ साली भारतात गुरांसाठी ह्या औषधावर बंदी आली. तोपर्यंत फार उशीर झाला होता. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ साली जेथे हजार होती, तेथे २००७ पर्यंत एखादेच उरले होते.

‘जो जगण्यास लायक तो जगेल, इतरांची चिंता माणसाने का वाहावी?’ असे म्हणणारे लोक भेटतात. ह्या म्हणण्यात एक चलाखी आहे. गिधाड नालायक होते म्हणून मेले नाही. लक्षावधी वर्षे जी परीक्षा ते उत्तीर्ण होत आले, तिचा पेपरच कोणी तरी रातोरात बदलला, आणि बदलणारा माणूस होता.

ह्या दृष्टीने खानदेशाला ज्याची विशेष ओळख असायला हवी, असा पक्षी म्हणजे वनपिंगळा. कोणी त्याला रानपिंगळाही म्हणतात. गावातला साधा पिंगळा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याची बोली आपल्याला कळते असे सांगत पहाटे दान मागणारा पिंगळा जोशीही आजी-आजोबांच्या आठवणीत असतो. वनपिंगळा ह्या साध्या पिंगळ्याचा रानातला भाऊबंद. लांबी जेमतेम वीतभर. डोक्यावर ठळक ठिपके नाहीत, पायांवर मात्र बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांचा दाट पायमोजा, आणि पंजे अंगाच्या मानाने चांगलेच दणकट. सर्वांत नवल हे की घुबडाच्या कुळात जन्मून तो दिवसा शिकार करतो. पानगळीच्या रानात थंडीच्या सकाळी निष्पर्ण फांदीच्या टोकाला ऊन खात बसावे, शेपटी झटकावी आणि खाली सरडा, सापसुरळी किंवा उंदीर हलला की त्यावर झेप घ्यावी, हा त्याचा क्रम. सरडे आणि सापसुरळ्या उन्हात बाहेर पडतात. म्हणून रात्र सोडून दिवसाचा व्यवसाय पत्करणे त्याला फायद्याचे ठरले असावे.

ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली ह्या पक्ष्याचे प्रथम वर्णन केले. पुढे खानदेशात नोकरीस असलेले ब्रिटिश अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागातून त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र तो जणू पृथ्वीच्या पाठीवरून पुसला गेला. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी सारा देश लोटला होता. पण त्याच सातपुड्याचा हा रहिवासी शास्त्राच्या दृष्टीने त्या वेळी बावन्न वर्षे बेपत्ता होता. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणत्यांनाही तो सापडला नाही. त्यातच एका लबाडीची भर पडली होती. कर्नल माइनर्त्झहागेन नावाच्या ब्रिटिश संग्राहकाने डेव्हिडसन यांचा एक नमुना संग्रहालयातून लांबविला, तो उसवून पुन्हा शिवला आणि ‘१९१४, गुजरात’ अशी खोटी चिठ्ठी लावून आपल्या नावावर खपविला. वाट चुकविणारी ही चिठ्ठी होती. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुन्या नमुन्यांची बारकाईने तपासणी करून ही चोरी ओळखली, आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरील गावांचाच माग काढायचे ठरविले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ह्या सोबत्यांसह, त्यांना सकाळच्या उन्हात बसलेला वनपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी!

त्यानंतर शोध घेता घेता तो यावल अभयारण्यात, मेळघाटात आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा येथेही आढळला. तरीही जगातील प्रौढ वनपिंगळ्यांची संख्या हजाराच्या आतच असावी, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. घुबड अशुभ असा समज, आणि जादूटोण्यासाठी त्याचा जीव घेण्याची क्रूर चाल, ह्यांचा त्रास त्यालाही होतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे; लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याला हात जोडायचे त्याचीच दिवाळीत मान मुरगळणाऱ्यांना तो ठाऊक नसतो असे नाही.

पण वनपिंगळ्याचे खरे दुखणे घराचे आहे. तो स्वतः ढोली कोरू शकत नाही. जुन्या झाडाला आपोआप पडलेली किंवा दुसऱ्या पक्ष्याने केलेली ढोली मिळाली, तरच त्याची मादी अंडी घालते. आणि लाकूडतोड्याच्या हिशेबात पोकळ झाड म्हणजे निकामी झाड! ते सरळ फळीला येत नाही, म्हणून सरपणासाठी प्रथम तेच जाते. ह्याचा सगळा दोष पावरा, भिल्ल आणि तडवी कुटुंबांच्या माथी मारणे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. त्यांच्या चुलीला लाकूड हवे आणि पोटाला शेत हवे. ते दोन्ही अन्य मार्गाने कसे मिळेल, ह्याचा विचार केळीची वखार आणि साखरेचा कारखाना भरभराटीला आणणाऱ्या मैदानातल्या लोकांनीही करायला हवा. डोंगरातले रान उघडे पडले, तर सुकी आणि अनेर ह्या नद्यांच्या पाण्याचाही प्रश्न उभा राहील, आणि त्या पाण्याची वाट पाहणारी शेते मैदानातच आहेत.

दरवर्षी पावसाळ्यात शाळाशाळांतून रोपे लावली जातात. ते काम चांगलेच आहे. मात्र यंदा लावलेल्या रोपाचा बुंधा जाड व्हायला, त्याची एखादी फांदी वाऱ्याने मोडायला आणि त्या जागी पक्षी मावेल एवढी पोकळी पडायला कित्येक दशके जावी लागतात. वनपिंगळ्याची जोडी दिवाळीच्या सुमारासच ढोली शोधू लागते. तिला ती मिळाली तर मिळेल ती आज उभ्या असलेल्या, वाकड्यातिकड्या, अर्धवट वाळलेल्या झाडातच. आणि तसले झाड तोडण्यासाठी ज्याच्यावर खूण केली जाते, ती खूण आधी पुसली गेली पाहिजे.