तेरकरांनो, पांढर राखा!

पहिला दमदार पाऊस झाला की तेरच्या टेकाडांवरची, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढरीची, माती धुपते आणि मणी वर येतात. लाल, निळे, शंखाचे, काचेचे. पोरे ते वेचतात, खिशात घालतात, चार दिवसांत हरवून टाकतात. त्या एकेका मण्यामागे दोन हजार वर्षे उभी आहेत, हे त्या पोरांना कोणी सांगायचे? आपणच ना?

धाराशिव जिल्ह्यातले, तेरणाकाठचे आपले गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये नोंद आहे, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर आहे. इथले साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून अवघड वाटांनी भडोचला जाई, तिथून जहाजांवर चढे. इथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची बहीण शोभावी अशी मूर्ती इटलीत, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईत मिळाली आहे. पुढे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला अभिमानाने ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. त्यांनी राजधान्या दुसरीकडे थाटल्या, पण नाव मात्र आपल्या गावाचे मिरवले!

हे वैभव कोणी उभे केले? सूत कातणाऱ्यांनी, मागावर बसणाऱ्यांनी, मणी घासणाऱ्यांनी, गाडीवानांनी. पाण्यावर तरंगतील इतक्या हलक्या विटा भाजणाऱ्या कारागिरांनी. गावातले त्रिविक्रम मंदिर त्याच विटांचे आहे. व्यापाराच्या वाटा बदलल्या, शहर ओसरले, गाव उरले. पण कष्टकऱ्यांची परंपरा तुटली नाही. याच मातीत गोरोबाकाका मडकी घडवत राहिले आणि संतपदाला पोहोचले.

मग आज आपण काय करतो आहोत? पांढरीची माती कसदार म्हणून ट्रॉल्या भरून शेतात नेतो. टेकाड खणून घराची जागा सपाट करतो. सापडलेले नाणे पाचपन्नास रुपयांना फुंकून टाकतो. मातीचा एक थर उचलला की इतिहासाचे एक पान कायमचे फाटते. ते कोणत्याही सरकारला, कोणत्याही विद्वानाला पुन्हा लिहिता येणार नाही.

एक माणूस मनावर घेतो तेव्हा काय होते, हेही आपल्याच गावाने पाहिले आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी लोक ज्याला खापरे म्हणत ते जपून ठेवले. मणी, मूर्ती, नाणी, भांडी त्यांनी आयुष्यभर गोळा केली. त्या संग्रहातूनच तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. एका माणसाने एवढे केले, तर अख्ख्या गावाने किती करावे?

म्हणून ग्रामसभेत ठराव करा: टेकाडावरची एक पाटीही माती उचलायची नाही. शेतात काही सापडले तर तहसीलला आणि संग्रहालयाला कळवा. १८७८ चा निखात निधी कायदाही सापडलेला निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो. शिक्षकांनो, सहल दूर नेण्याआधी पोरांना स्वतःच्या गावचे संग्रहालय दाखवा. आयाबहिणींनो, चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला येणाऱ्या पाहुण्यांना समाधीच्या दर्शनानंतर त्रिविक्रमाच्या विटाही दाखवा. तरुणांनो, गावचा इतिहास पाठ करा आणि आल्यागेल्याला अभिमानाने सांगा.

संतांच्या मेळ्यात कोणाचे मडके भाजलेले आणि कोणाचे कच्चे, हे गोरोबाकाकांनी थापटण्याने पारखले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आज काकांच्या गावाचीच पारख आहे. तगरची पांढर आपल्या हातून राहिली, तरच आपण पक्के. उठा, येत्या पावसाआधी टेकाडावरचे पहिले फावडे थांबवा!