कागदी सुगम्यतेची खरेदी

अमेरिकेच्या संघराज्य सरकारला सॉफ्टवेअर विकू पाहणाऱ्या कंपनीकडून खरेदी करणारे खाते बहुधा एक तक्ता मागते. या व्यवसायात तो ‘व्हीपीएटी’ म्हणून ओळखला जातो. त्यात तीन रकाने असतात. पहिल्यात निकष, दुसऱ्यात उत्तर, तिसऱ्यात शेरा. चित्राला मजकुराचा पर्याय दिला आहे का, माउसला हात न लावता केवळ कीबोर्डवर सगळे काम होते का, अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ आहे का, असे हे निकष. उत्तरेही ठरलेली: पूर्तता होते, अंशतः होते, होत नाही, लागू नाही. हा तक्ता कंपनी स्वतःच भरते. तिने ‘अंशतः’ लिहून शेऱ्याचा रकाना कोरा सोडला, तर दृष्टिहीन कर्मचाऱ्याला त्या सॉफ्टवेअरमध्ये साधा रजेचा अर्ज भरता येईल की नाही, हे खरेदी अधिकाऱ्याला कळायला मार्ग उरत नाही. तरीही फाइल पूर्ण होते आणि खरेदी पार पडते.

या तक्त्यामागे पुनर्वसन कायद्याचे कलम ५०८ आहे. कायदा १९७३ चा. पण या कलमाला धार आली ती १९९८ च्या दुरुस्तीने. सरकारी खात्यांनी विकत घेतलेले, तयार केलेले किंवा वापरलेले माहिती तंत्रज्ञान अपंग कर्मचाऱ्यांना आणि नागरिकांनाही वापरता आले पाहिजे, हे बंधन जून २००१ पासून लागू झाले. जानेवारी २०१८ पासून त्याला वेबच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांची जोड मिळाली. मात्र हे बंधन आहे खात्यावर. तक्रार होते तीही खात्याविरुद्ध. विक्रेत्याला भीती एकच, काम हातचे जाण्याची. ती भीती खरी आहे की नुसती दाखवायची, यावर त्याचे वागणे ठरते.

ती खरी असली की काय होते, हे मॅसॅच्युसेट्स राज्याने दाखवून दिले. डॉसच्या काळात पडद्यावर फक्त मजकूर असे आणि तो वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर चोख काम करत. विंडोजची चित्रमय बटणे आली आणि ही साधने मुकी झाली. राज्य सरकारच्या सेवेतील दृष्टिहीन कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्याच धोक्यात आल्या. १९९५ साली राज्याने विंडोज ९५ ची खरेदी थांबवण्याचा इशारा दिला. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने ‘ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी’ ही व्यवस्था विकसित केली. बटणाचे नाव काय, ते दाबलेले आहे की नाही, ही माहिती तिच्यामुळे स्क्रीन रीडरपर्यंत पोहोचू लागली. १९९७ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररची चौथी आवृत्ती या बाबतीत पुन्हा मागे गेली, तेव्हा अंध संघटनांनी ओरड केली आणि कंपनीला लगोलग सुधारित आवृत्ती काढावी लागली. कंपनी तीच होती आणि अभियंतेही तिचेच. नाक दाबले तेव्हा तोंड उघडले.

दहा वर्षांनी त्याच राज्यात उलट बाजूने तोच धडा मिळाला. २००५ मध्ये राज्याने सरकारी दस्तऐवजांसाठी ‘ओपनडॉक्युमेंट’ हे खुले स्वरूप स्वीकारायचे ठरवले. हेतू चांगला होता, पण ते स्वरूप हाताळणारी सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरशी नीट जुळत नव्हती. अपंगांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि राज्याला वेळापत्रक सैल करावे लागले. मग खुल्या स्वरूपाचे पुरस्कर्ते कामाला लागले. डिसेंबर २००६ मध्ये आयबीएमने ‘आयॲक्सेसिबल२’ ही नवी जोडणी सर्वांसाठी खुली केली आणि २००७ मध्ये ओपनडॉक्युमेंटची सुगम्यता सुधारणारी आवृत्ती आली. भारतातही वापरला जाणारा ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर आज फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमधील मजकूर याच जोडणीतून घेतो. एका राज्याच्या खरेदीवरून झालेल्या वादाचा लाभ असा पुण्या-नागपूरच्या विद्यार्थ्याच्या कानापर्यंत पोहोचला आहे.

विद्यापीठेही ग्राहकच असतात. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने २००९ मध्ये पाठ्यपुस्तकांसाठी किंडल डीएक्स वापरून पाहायचे ठरवले. ते यंत्र पुस्तक मोठ्याने वाचू शके, पण त्याच्या सूचीतून पुस्तक निवडणे दृष्टिहीनाला अशक्य होते. अंधांच्या दोन राष्ट्रीय संघटना न्यायालयात गेल्या, जानेवारी २०१० मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी आलेल्या किंडलमध्ये सूचीही बोलू लागली.

जिथे ग्राहक पाठपुरावा करत नाही, तिथे विक्रेते कागद पुरवतात. अमेरिकी सरकारने २०२३ मध्ये स्वतःच्या खात्यांची झाडाझडती घेतली. सर्वाधिक पाहिली जाणारी संकेतस्थळे, अंतर्गत पाने आणि दस्तऐवज यांपैकी निकष पूर्ण पाळणारे निघाले ३० टक्क्यांहून कमी. कायद्याला धार येऊन तेव्हा २५ वर्षे झाली होती. संकेतस्थळावर एक ओळ चिकटवा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने ते आपोआप सुगम्य करून घ्या, असे सांगणाऱ्या कंपन्यांचा धंदाही याच ढिलाईत फोफावला. त्यांतल्या ‘ॲक्सेसिबी’ या कंपनीचे दावे दिशाभूल करणारे असल्याचे ठरवून तिथल्या संघराज्य व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये तिला दहा लाख डॉलर भरायला लावले.

भारत आज या वाटेच्या तोंडाशी उभा आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचे ‘आयएस १७८०२’ हे भारतीय मानक दोन भागांत, २०२१ आणि २०२२ मध्ये आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या भाषेत असल्याचे दाखवून संबंधित नियम रद्द ठरवला आणि बंधनकारक किमान निकष आखण्यास सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे त्याने स्पष्ट केले. त्या खटल्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवा, असे ॲप सांगत होते आणि त्यांना पापण्या मिटता येत नव्हत्या. असे ॲप कुणीतरी बनवले, कुणीतरी तपासले आणि कुणीतरी विकत घेतले. त्या साखळीत एकानेही हा प्रश्न विचारला नाही.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार २९ लाखांहून अधिक दिव्यांग आहेत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मराठी पत्रक उघडले की स्क्रीन रीडर रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता ऐकवतो. कागद स्कॅन करून चढवलेला असेल तर काहीच ऐकवत नाही. यात तंत्रज्ञानाची उणीव नाही. निविदेत अट लिहिली गेली नाही, किंवा लिहूनही तपासली गेली नाही.

आता ती अट लिहायची तर तपासणीसह लिहावी लागेल. नाहीतर पुरवठादार लेटरहेडवर स्वयंघोषणापत्र देईल, सर्वांत कमी दर लावणारा काम घेईल आणि सुगम्यतेचे घोंगडे भिजत पडेल. छोट्या कंपन्यांना हा खर्च झेपणार नाही, अशी हरकत घेतली जाईल. तिच्यात तथ्य आहे, म्हणूनच मुदत टप्प्याटप्प्याने देता येईल. पण तयार झालेले पोर्टल मागाहून फोडून दुरुस्त करणे अधिक महाग पडते आणि तो भार करदाताच उचलतो. आणखी एक काळजी घ्यायला हवी. सगळे निकष शंभर टक्के पाळणारे उत्पादन विरळाच. ‘अंशतः’ असे प्रामाणिकपणे लिहून उणिवांची यादी आणि दुरुस्तीची तारीख देणारा पुरवठादार जर बाद होणार असेल आणि ‘पूर्ण’ असे ठोकून देणारा जिंकणार असेल, तर सरकार स्वतःच खोटे विकत घेईल.

म्हणून प्रत्येक पुरवठादाराचा भरलेला तक्ता निविदेच्या कागदपत्रांबरोबर जाहीर व्हावा. पोर्टल स्वीकारण्यापूर्वी दृष्टिहीन, कर्णबधिर आणि हातांची हालचाल मर्यादित असलेल्या व्यक्तींनी ते मोबदला घेऊन वापरून पाहावे. त्यांनी दाखवलेल्या उणिवा दूर होईपर्यंत देयकाचा शेवटचा हप्ता रोखून धरावा, आणि खोटी माहिती देणाऱ्याची सुरक्षा ठेव जप्त व्हावी. राज्य सरकारने नोकरभरती, शाळा-महाविद्यालयांतील प्रवेश आणि शिष्यवृत्ती यांच्या पोर्टलपासून सुरुवात करावी. त्यांच्या पुढच्या निविदांच्या मसुद्यातच या अटी आल्या पाहिजेत.