स्वस्त विकला म्हणून माल नकली ठरत नाही!

पनवेल–पेण रस्त्यावरचे गॅरेजवाले, सुट्या भागांचे दुकानदार आणि गाडीमालक यांना जाहीर आवाहन



पळस्पे फाट्यापासून कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत सुट्या भागांच्या धंद्यात असलेल्या कुणालाही हा प्रकार नवा नाही. एखादा दुकानदार क्लच प्लेट छापील किमतीपेक्षा कमी भावात देतो. यात गुन्हा नाही. एमआरपी ही वरची मर्यादा आहे. तिच्या खाली कितीही उतरावे. पण चार दिवसांत कंपनीचा माणूस दारात उभा राहतो. माल डुप्लिकेट आहे, धाड पडेल, पेपरात नाव येईल, असा दम भरतो. पुरावा मागितला की गप्प. मग हळूच खरी अट बाहेर येते: आमच्याच डीलरकडून उचला, आमच्याच भावाने विका. दुकानदाराने मान तुकवली की कालचा डुप्लिकेट माल त्याच फळीवर, त्याच खोक्यात ओरिजिनल होऊन बसतो!

आमचा आरोप सरळ आहे. भाव वाढवताच जो माल खरा ठरतो, त्याच्याबद्दल कंपनीची तक्रार कधीच नव्हती. तक्रार भावाबद्दल होती.

नकली मालाला आमचा आसरा नाही

खोटे खोके आणि खोटा होलोग्राम लावून ब्रेक लायनिंग विकणारा माणसांच्या जिवाशी खेळतो. ट्रेडमार्क कायद्यात त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. तो व्हावाच. पण त्याचा कारखाना शोधायचा सोडून बिलासकट खरा माल विकणाऱ्याच्या मागे लागणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. शिवाय प्रत्येक स्वस्त वस्तूला नकली म्हटले, की खरोखरची नकली वस्तू कोणती हे गिऱ्हाइकाला कळतच नाही. या आरडाओरड्यात खरा फायदा बनावट माल करणाऱ्याचाच होतो.

‘सुरक्षितते’ची ढाल

हा वाद देशपातळीवर झालेला आहे. २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार गेली, की मोटार कंपन्या सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत. सुटे भाग खुले केले तर नकली माल माजेल, गाड्या असुरक्षित होतील, असा बचाव कंपन्यांनी केला. आयोगाने तो मानला नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या टाटा मोटर्सचा वाटा १,३४६ कोटींचा होता आणि महिंद्रचा २९२ कोटींचा.

चौकशीत काय दिसले? कंपनीला भाग बनवून देणारा पुरवठादार तोच भाग स्वतःच्या नावाने बाजारात विकू पाहतो, तर करारात त्याचे हात बांधलेले. म्हणजे एकाच साच्यातून निघालेला भाग कंपनीच्या खोक्यात गेला तर खरा आणि कारखानदाराच्या खोक्यात गेला तर संशयित! आयोगाने बजावले: पुरवठादारांना विकू द्या, बाहेरच्या गॅरेजांना भाग आणि तपासणीची उपकरणे मिळू द्या, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. कंपन्या अपिलात गेल्या. पण नकली मालाची भीती दाखवून बाजार कुलूपबंद करता येतो का, या प्रश्नावर आयोगाचे उत्तर स्पष्ट आहे.

कराराने जमत नाही तिथे बदनामी

२३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त सूट देणाऱ्या डीलरला कंपनी दंड करत होती आणि त्यावर पाळत ठेवायला खोटी गिऱ्हाइके पाठवत होती. महाराष्ट्रातल्या डीलरांवरच्या निर्बंधांच्या तक्रारीवरूनच हे प्रकरण सुरू झाले. याही आदेशाविरुद्ध अपील झाले.

शोरूममधल्या गाडीला नकली म्हणता येत नाही, म्हणून तिथे दंड. रस्त्यावरचा दुकानदार कंपनीच्या करारात नाही, त्याला दंड करता येत नाही, म्हणून त्याच्या मालाला नकलीचा शिक्का. दोन्हीकडे हेतू एकच: सूट बंद करणे.

बाहेरून आणलेला खरा मालही खराच

शेजारच्या न्हावाशेवा बंदरातून येणाऱ्या मालाबद्दलही हाच गैरसमज पसरवला जातो. सॅमसंगने आपलेच प्रिंटर परदेशातून आणून विकणाऱ्यांवर दावा केला. ऑक्टोबर २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितले, की कायदेशीरपणे घेतलेला खरा माल आणून विकता येतो. मात्र तो आयात केलेला आहे आणि त्याला सॅमसंगची वॉरंटी नाही, हे दुकानात ठळक लिहावे. सॅमसंग सर्वोच्च न्यायालयात गेली. त्याच वर्षी मे महिन्यात सीमाशुल्क खात्याच्या परिपत्रकानेही खऱ्या मालाची अशी आयात केवळ ट्रेडमार्कच्या नावाखाली अडवता येत नाही, असे स्पष्ट केले होते.

आता आपण काय करायचे?

१. ‘माल नकली’ म्हणणाऱ्याकडून लेखी घ्या: भागाचा क्रमांक, बॅच, फरक काय आणि तपासणी कोणी केली. तोंडी धमकीला बळी पडू नका.

२. कंपनीच्या माणसाला तुमचे कपाट उघडण्याचा अधिकार नाही. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ११५ नुसार विनावॉरंट झडती घेणारा पोलीस अधिकारी उपअधीक्षक दर्जाच्या खालचा नसावा आणि त्याने आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचे मत घेतलेले असावे. दोन्ही गोष्टी विचारा.

३. ट्रेडमार्कभंगाच्या दाव्याची निराधार धमकी मिळाली, तर कलम १४२ खाली तुम्हीच कोर्टात जाऊ शकता. मनाई मागा, भरपाई मागा.

४. दुकानदारांनो, खरेदीचे प्रत्येक बिल जपा. आयात केलेला, दुरुस्त केलेला किंवा दुसऱ्या बनावटीचा माल असेल तर बिलावर तसे लिहा. लपवाछपवी करणारा आमच्या लढ्यात बसत नाही.

५. गाडीमालकांनो, पक्के बिल मागा. ‘बाहेरचा भाग घातला, वॉरंटी गेली’ असे कोणी म्हटले तर तेही लिहून मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

आमची मागणी

नकली मालाची तक्रार करणाऱ्या कंपनीने तपासणीचा अहवाल तक्रारीसोबतच द्यावा. अहवाल खोटा निघाला तर दुकानदाराची भरपाई कंपनीने करावी. आणि ज्या पेपरात दुकानदाराचे नाव छापून आणले, त्याच पेपरात तेवढ्याच ठळकपणे माफी छापावी.

ज्यांना अशी धमकी आली आहे त्यांनी ती लपवू नये. तारीख, वेळ, बोललेले शब्द लिहून ठेवा आणि शेजारच्या दुकानदाराला सांगा. एकट्या दुकानदाराला गप्प करणे सोपे असते. दहा दुकानदारांनी एकाच दिवशी ‘पुरावा दाखवा’ म्हटले, तर पुरावा तरी बाहेर येईल, नाहीतर धमकी तरी थांबेल.

— कर्नाळा परिसरातील गॅरेजवाले, सुटे भाग विक्रेते आणि गाडीमालक